भाल्याने पाडलेला भांग

हेल्वियाबाई माजघरात शिरल्या त्या शेल्याचं टोक नाकाला लावूनच. आमच्या कापुआतल्या अत्तरगल्लीतलं निम्मं गुलाबपाणी त्या दिवशी नुमिसियसांच्या घरात शिंपडलं होतं, तरी बाईंना तालमीचा वास यायचाच होता. तालीम वेशीबाहेर, घर बाजारामागे, मध्ये अख्खं गाव. पण ज्याला वास घ्यायचाच असतो त्याला तो कुठूनही येतो. त्यातून ही नवऱ्यामुलाची आई, नगरसभेत बसणाऱ्या मागियसांच्या घरची. तिने नाक मुरडलं नसतं तरच नवल.

“काय उकडतंय हो तुमच्याकडे,” त्या म्हणाल्या. “मुलगी कुठाय?”

“न्हातेय, विहीणबाई. बसा ना,” आत्या म्हणाली.

‘विहीणबाई’ हा शब्द त्यांनी ऐकलाच नाही असं दाखवलं. सोयरीक ठरल्यापासून या घरातल्या कुणालाही त्यांनी एकदासुद्धा नात्याने हाक मारली नव्हती. घरच्या कर्त्याला, देसिमसला, त्या ‘अहो तालीमवाले’ म्हणत, आणि आत्याला काहीच म्हणत नसत.

आत्या म्हणजे देसिमसची थोरली बहीण. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवरा गेला आणि ती माहेरी परतली ती कायमची. देसिमसची आईवेगळी धाकटी मुलगी, तेर्तुल्ला, तिनेच वाढवली. ग्लॅडिएटर विकत घेणाऱ्या, त्यांना तयार करणाऱ्या आणि गावोगावच्या खेळांना भाड्याने देणाऱ्या या घरातून पोरीची सुटका व्हावी, एवढाच ध्यास तिने घेतला होता. आज ती सुटका दारात पालखी घेऊन आली होती, म्हणून आत्या सगळे टोमणे गिळत होती.

“आणि अट लक्षात आहे ना?” हेल्वियाबाईंनी पुन्हा बजावलं. “उद्यापासून तुमच्याकडचं कुणी आमच्या उंबरठ्यावर नको. भेट नको, निरोप नको. सून आमची, बाकी तुमचं तुमच्यापाशी.”

“लक्षात आहे.”

आता मागियसांना उंबरठ्यावर ही माणसं नको होती, पण रिंगणात हवी होती. निवडणुकीआधी खेळ करायचे, म्हणजे लढवय्ये हवेत; ते रीतसर घेण्याची दानत नाही; म्हणून तालीमवाल्याची मुलगी सून. हे कापुआत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे लग्नाला येणार होते.

“भाला दाखवा,” हेल्वियाबाई म्हणाल्या.

आमच्याकडे नवरीचा भांग फणीने पाडत नाहीत, भाल्याच्या टोकाने पाडतात. साधा भालाही चालतो. पण ज्यांना चारचौघांत मिरवायचं असतं ते मेलेल्या ग्लॅडिएटरच्या अंगातून उपसलेला भाला मागतात. तो जसा त्या देहाला शेवटपर्यंत धरून राहिला, तशी बायको नवऱ्याला धरून राहावी, असं म्हणतात. कापुआतल्या बड्या घरच्या मुलींना असे भाले आजवर नुमिसियसांनीच पुरवले होते. मग घरच्या लग्नात शिळा भाला कसा चालावा? आत्याने कापडाची घडी उलगडली. पातं धुतलेलं होतं, पण दांड्याच्या खोबणीत काळपट डाग राहिलाच होता.

“कालच्या खेळातला ना? कुणाच्या अंगातला?”

आत्याला ते माहीत नव्हतं. सकाळी भाच्याने भाला आणून हातात ठेवला, तेव्हा तिने विचारलं नव्हतं. उत्तर दारातून आलं. तेर्तुल्लाचा थोरला भाऊ वीबियस तिथे चौकटीला टेकून उभा होता.

“पार्दुसच्या,” तो छाती काढून म्हणाला. “गावाच्या लाडक्याचा भाला, बाई. अशी नवरी कापुआत झाली नसेल.”

आत्याच्या हातातलं कापड खाली पडलं.

हेल्वियाबाई मात्र कपाळाला आठ्या घालून विचार करत होत्या. “पार्दुस? अहो, पण काल खेळ आमच्याच ह्यांनी दिले. मी पुढच्याच बाकावर होते. पार्दुस पडला, त्याने शरण म्हणून बोट वर केलं, लोकांनी रुमाल हलवले आणि आमच्या ह्यांनी त्याला सोडला. सगळ्यांनाच सोडलं काल.” त्या उठून उभ्या राहिल्या. “म्हणजे तो जिवंत आहे!”

“आहे, पण आता राहिलाय कितीसा—” वीबियस चाचरला.

“जिवंत माणसाच्या अंगातला भाला? माझ्या सुनेच्या डोक्यावर? अरे, म्हणजे लग्नात पुरुष दोन झाले की! एक माझा मुलगा आणि एक तुमचा तो तालमीच्या जवावर पोसलेला जवखाऊ!”

त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. तेर्तुल्ला आणि पार्दुस यांच्याबद्दल त्या घरात बोललं जात नव्हतं, मग बाहेर कुठून जाणार? त्या नुसत्या शकुनाचं बोलत होत्या.

“माझ्या लग्नातला भाला आहे पेटीत,” ती घाईने म्हणाली. “तो खरा आहे. माणूस जागीच गेला होता.”

“आणि तुमचा नवरा वर्षाच्या आत गेला. राहू द्या तो पेटीतच.”

आवाज ऐकून देसिमस आला. त्याला काय झालं ते सांगावं लागलं नाही. भाल्याकडे आणि मुलाच्या तोंडाकडे पाहूनच तो समजला.

“दुसरा आणा,” हेल्वियाबाई म्हणाल्या.

“कुठून आणू?” देसिमस म्हणाला. “रिंगणात माणूस मेला की खेळ देणाऱ्याला त्याची पुरी किंमत भरावी लागते. जिवंत परत केला तर नुसतं भाडं. तुमच्या ह्यांनी काल मोठी दया केली असं गाव म्हणतंय. मी काहीच म्हणत नाही.”

टोमणा वर्मी बसला, पण हेल्वियाबाई काही लेचीपेची बाई नव्हती. “तो माणूस तुमचाच ना? तुमच्याच तालमीत पडलाय ना? मग घरच्या लग्नाला घरचा माणूस. आम्ही का किंमत द्यायची?” त्यांनी शेला सावरला. “मी बागेत बसते. मंडळी जमायच्या आत तो भाला मेलेल्या माणसाचा झाला पाहिजे. नाहीतर पालखी जशी आली तशी परत जाईल, आणि का गेली ते मी गावभर सांगेन.”

०

मागच्या खोलीत तिघं जमले तेव्हा वीबियसला वाटलं होतं की बाप तडक माणूस पाठवेल आणि विषय संपेल. बापाने दार लावून घेतलं, तेव्हा तो जरा घाबरला.

“जिवंत माणसाचा भाला घरात आणलास?” देसिमसने विचारलं.

“मला वाटलं रात्रीतच जाईल. जांघेत घुसला होता, बाबा. असे वाचतात का कधी?”

“वाचला.”

“हो ना. तेवढंही त्याला वेळेवर जमलं नाही.”

“जीभ आवर,” आत्या म्हणाली. “देसिमस, तू शपथ घेतली आहेस.”

“कसली शपथ?” वीबियसने दोघांकडे पाहिलं.

“तुझी बहीण या लग्नाला उभी कशी राहिली, विचार केलास कधी? दोन दिवस जेवली नव्हती. मग स्वतः बापापुढे आली. म्हणाली, तुम्ही सांगाल तिथे जाते, हूं की चूं करणार नाही. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पार्दुसच्या हातात लाकडी तलवार ठेवायची. त्याला मोकळा करायचा. तुझ्या बापाने चुलीपाशी, घरच्या देवांवर हात ठेवून शब्द दिलाय.”

वीबियस हसला. त्याला खरंच हसू आलं. “म्हणजे मागियसांच्या घरी ती त्या जवखाऊसाठी चालली आहे! वा! आणि हे मला सोडून सगळ्यांना माहीत!”

पार्दुस आणि तो एकाच वयाचे. एकाच मास्तरच्या हाताखाली दोघांनी लाकडी खांबावर घाव घातले होते. पार्दुस पोटासाठी आणि वीबियस हौसेसाठी. पुढे नवीन माणूस विकत घ्यायचा असला की देसिमस पार्दुसला बोलावून विचारायचा, “कसा वाटतो रे?” मुलगा शेजारी उभा असायचा. त्याला कधी विचारलं नाही. वीबियसने हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण एक दिवसही विसरला नव्हता.

“बाबा, माझ्या मुलाचा विचार करा,” तो म्हणाला. “आपल्याला नगरसभेत उभं करत नाहीत. नाटकाला गेलो तर मागे बसवतात. मागियस मामा झाले की—”

“तेर्तूचे सासरे. तुझ्या पोराचे मामा नव्हेत,” आत्या म्हणाली.

“जे काय असतील ते! या पोराला उद्या कुणीतरी पुढच्या बाकावर बसवेल. आणि ते सगळं एका गुलामासाठी घालवायचं?”

“आपला बापही गुलामच होता रे,” आत्या भावाला म्हणाली. “कुणीतरी त्याच्या हातात लाकडी तलवार ठेवली, म्हणून आपण माणसांत आलो. नाहीतर तोही कुणाच्या तरी भांगाला कामी आला असता.”

“हळू बोल, आत्या! बाई बागेत बसल्यात!”

“काल जोडी कुणी लावली?” देसिमसने मध्येच विचारलं. आवाज शांत होता. “मागियसांनी पार्दुसला मागून घेतला, ते ठीक. पण त्याच्यासमोर भालेकरी कुणी उभा केला? मी त्याच्यासमोर जाळं टाकून लढणारा सांगितला होता.”

वीबियसने मान वर केली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “मी. म्हटलं, भांगासाठी भाला हवाच आहे, आणि हा माणूस नकोच आहे. दोन्ही कामं एकदम होतील.”

“तेर्तूचं आणि पार्दुसचं तुला कुणी सांगितलं?”

“आत्याने.”

“मी?” आत्या किंचाळली. “मी कधी?”

“हिवाळ्यातल्या सणाला. दोन पेले पोटात गेल्यावर. ‘पोरीचं मन कुठे गुंतलंय बघ’ म्हणून माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलीस. सकाळी तुला आठवतही नव्हतं.”

आत्या मटकन बाकावर बसली. बाहेर स्वयंपाकघरात डुक्कर भाजण्याचा वास सुटला होता आणि कुणीतरी अक्रोडांची टोपली सांडली म्हणून ओरडा चालला होता.

मग आत्या बोलली तेव्हा वीबियसला आधी आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“करून टाक, देसिमस.”

“ताई?”

“करून टाक म्हणते. पालखी परत गेली तर ती याच घरात राहील. मी राहिले तशी. दिवसभर भाले पुसत आणि दुसऱ्यांच्या मुलींचे भांग कौतुकाने बघत. उपकार म्हणून वाढलेलं जेवत.” तिने डोळे पुसले नाहीत. “तो तरी लढवय्या आहे, आज ना उद्या जाणारच. तिने का कुजायचं? फक्त तिला कळू देऊ नकोस. तलवार दिली म्हणून सांग, दूरदेशी गेला म्हणून सांग.”

वीबियसला आत्याच्या पाया पडावंसं वाटलं. देसिमस मात्र बहिणीकडे अशा नजरेने बघत होता, जणू तीच परकी होती. मग तो उठला आणि खेचर जोडायला सांगून निघून गेला.

०

तालमीत त्या दिवशी सामसूम होती. दुखापतवाल्यांच्या खोलीत वैद्य दामोन मलम घोटत बसला होता.

“मालक? लग्न टाकून इकडे?”

“कसा आहे?”

“ताप आहे, पण जगेल. लंगडेल थोडा.”

“पट्टी सोडली तर?”

दामोनचा हात थांबला. या तालमीत त्याने पुष्कळ पट्ट्या बांधल्या होत्या आणि काही, सांगितल्यावरून, सोडल्याही होत्या. “पट्टी सोडली तर मंडळी जेवायला बसायच्या आत,” तो म्हणाला.

पार्दुस जागा होता. ओठ फुटले होते, पण डोळे स्वच्छ होते.

“आज लग्न ना?” त्याने विचारलं.

“हो.”

“मग तुम्ही इथे म्हणजे माझंच काहीतरी असणार. काल वीबियस तो भाला किती काळजीने पुसत होता! तेव्हाच म्हटलं, हा कुणाच्या तरी डोक्यावर जाणार. तिला काय सांगणार आहात?”

“अजून ठरलं नाही.”

“मग आधी ते ठरवा, मालक. माझं काय, ते सोपं आहे.”

देसिमसने आयुष्यात खोट्या शपथा चिक्कार खाल्ल्या होत्या. माणूस दणकट आहे, याला खोकला नाही, हा कधी पळून गेला नाही. पण त्या सगळ्या गिऱ्हाइकापुढे. चुलीपाशी उभं राहून, पोरीचा हात हातात घेऊन दिलेला शब्द हा पहिलाच होता. आणि दुसरंही होतं. मागियसाने काल नुसत्या भाड्यावर भागवलं, आणि आज त्याची बायको तोच माणूस फुकट मागत होती. देसिमसने माणसं भाड्याने दिली, विकली, गमावली. फुकट कुणाला दिली नव्हती. त्याचा निर्णय झाला तो पोरीच्या मायेने की दुकानदाराच्या हट्टाने, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. मला विचाराल तर दोन्ही होतं, आणि हट्ट जरा जास्त होता.

“दामोन, हा मेला,” तो म्हणाला.

“अं?”

“मी दारात उभा असताना मेला. संपला पार्दुस. ताप उतरला की याला झाकून पुतेओलीच्या बंदरावर ने, आणि मिळेल त्या जहाजावर चढव. परत कापुआत दिसला तर मी खरंच मारीन. आणि हे कुणाला सांगायचं नाही. माझ्या बहिणीला तर नाहीच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे आज कळलं.”

पार्दुसने उठायचा प्रयत्न केला आणि वेदनेने पुन्हा आडवा झाला. “आणि तेर्तुल्ला?”

“तिला मी सांगेन,” देसिमस म्हणाला.

०

आतल्या खोलीत तेर्तुल्ला पाठ ताठ ठेवून बसली होती. केस ओले होते, कमरेला लोकरीचा पट्टा होता, समोर घडी घातलेली केशरी ओढणी होती. आत्या पाठीमागे उभी राहून केस पुशीत होती, आणि आज ती एक अक्षर बोलत नव्हती. पलीकडच्या खोलीच्या आणि या खोलीच्या मध्ये फक्त पडदा होता.

“गेला?” हेल्वियाबाईंचा आवाज आला.

“गेला,” वडिलांचा आवाज.

“पार्दुसच ना? नक्की? कुणी पाहिलं?”

“वैद्याने आतून सांगितलं. मी दारातच थांबलो. प्रेत पाहिलं असतं तर सुतक लागलं असतं, मग मला आज विधीला उभं राहता आलं नसतं. तुम्हाला खात्री करायची असेल तर खेचर तयार आहे, जाऊन या. मग भांग दुसऱ्या कुणाकडून तरी पाडून घेऊ.”

भांग पाडण्याचा मान हेल्वियाबाईंचा होता, आणि तो त्या मेल्या तरी सोडणार नव्हत्या.

“नको नको. तुमच्या शब्दावर विश्वास आहे. चला, म्हणजे भाला आता चालेल! मी तर घाबरलेच होते, व्याही.”

व्याही म्हणाल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

तेर्तुल्लाने मान वळवली नाही. “आत्या, तुला माहीत होतं?”

“तेर्तू, माझं ऐकून—”

“हो की नाही?”

“हो.”

तेर्तुल्ला उठली, पडदा सारला आणि ओल्या केसांनी तशीच बाहेर आली. हेल्वियाबाईंच्या हातात भाला होता. तो तिने पाहिला, खोबणीतला डाग पाहिला, आणि या भांगासाठीच पार्दुसला संपवला, हे ती समजली. मग ती वडिलांपुढे जाऊन उभी राहिली.

“बाबा, माझ्याकडे बघून सांगा.”

देसिमसने तिच्याकडे पाहिलं. दोघांच्या मध्ये हातभर अंतर होतं आणि शेजारी हेल्वियाबाई कान टवकारून उभ्या होत्या. त्याच्या डोळ्यांत काहीतरी होतं. तो तिला काहीतरी सांगू पाहत होता. तेर्तुल्लाला वाटलं, ती लाज आहे.

“गेला,” तो म्हणाला.

ती रडेल, भाला हिसकावेल, ओढणी फाडेल, असं आत्याला वाटत होतं. तेर्तुल्लालाही क्षणभर तसंच वाटलं. एकदा किंचाळावं आणि हे सगळं मोडून टाकावं. पण मोडून मग राहायचं कुठे? याच घरात? याच चुलीपाशी, जिथे वडिलांनी देवांवर हात ठेवून शब्द दिला होता? आत्याने वाढलेलं जेवून, भावाची पोरं खेळवून? तिला एकदम त्या घराची किळस आली, आणि तीच तिला पुढचा रस्ता दाखवून गेली.

“बाई,” ती हेल्वियाबाईंना म्हणाली, “ती अट अजून आहे ना? माझ्या माहेरचं कुणी तुमच्या दारात यायचं नाही?”

“आहे तर,” हेल्वियाबाई जरा ओशाळून म्हणाल्या. “मुली, तू मनाला लावून घेऊ नकोस, पण आमच्या घराची रीत—”

“मला आवडली ती अट. निरोपसुद्धा नको, असंही आहे ना?”

“निरोपसुद्धा नको.”

“आला तरी माझ्यापर्यंत पोचू देऊ नका. पाडा भांग.”

ती खाली बसली. भाल्याचं थंड टोक कपाळापासून मागे सरकत गेलं. हेल्वियाबाईंचा हात सराईत होता. एकेक बट वेगळी करून त्या लोकरीच्या फितीने बांधत होत्या आणि मुलगी कशी शहाणी आहे, शांत आहे, हे जमलेल्या बायकांना सांगत होत्या. एका ठिकाणी टोक जरा रुतलं. तेर्तुल्लाने हूं केलं नाही. आत्या कोपऱ्यात तोंडाला कापड लावून उभी होती. बायकांना वाटलं, मुलगी सासरी निघाली म्हणून.

०

देसिमस संध्याकाळची वाट बघत होता.

दिवसभर त्याला मुलीशी एकटं बोलता आलं नव्हतं. बळीच्या वेळी हेल्वियाबाई तिच्या उजव्या हाताला, करार वाचताना डाव्या हाताला, जेवताना तर तिच्याच बाकावर. उद्यापासून दार बंद. पण एक क्षण राहिला होता, आणि तो कुणालाही टाळता येण्यासारखा नव्हता. वरात निघताना आमच्याकडे नवरीला आईच्या मिठीतून ओढून नेतात. खोटं खोटंच, पण ओढतात. नवरी आईला घट्ट बिलगते, रडते, नवऱ्याकडचे तरुण आरडाओरडा करत तिला सोडवून नेतात. तेर्तुल्लाला आई नव्हती. म्हणून ती वडिलांना बिलगणार, असं ठरलं होतं. त्या गोंधळात तिचा कान त्याच्या तोंडापाशी येणार होता. ‘जिवंत आहे’, एवढंच सांगायचं होतं. पुढचं तिचं ती समजली असती.

त्याने ते शब्द मनात इतक्या वेळा म्हटले की पाहुण्यांशी बोलताना ते चुकून तोंडून निघतील, अशी त्याला भीती वाटू लागली. पार्दुसला वाचवणं हे त्या दिवशी त्याच्या हातून झालेलं एकमेव चांगलं काम होतं. कदाचित आयुष्यातलंही. आणि ते एका माणसाला तरी कळावं, अशी त्याला हाव सुटली होती.

मशाली पेटल्या. दारात चावट गाणी सुरू झाली. केशरी ओढणीतली तेर्तुल्ला अंगणात आली, मागोमाग हेल्वियाबाई ओढणीचं टोक सावरत. नवऱ्याकडची पोरं हात चोळत पुढे सरसावली.

“बिलग ग वडिलांना,” कुणीतरी बाई म्हणाली.

देसिमसने हात पसरले.

तेर्तुल्ला जागची हलली नाही. “मला शिवू नका,” ती म्हणाली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. “तुम्ही तिकडे जाऊन आलात.”

“मी आत गेलो नव्हतो, तेर्तू. ये इकडे. एकदाच ये.”

“गेलात की नाही, ते तुमचं तुम्हाला माहीत. आज मला शंका नको.”

“बरोबर बोलतेय हो पोरगी!” हेल्वियाबाई भारावून म्हणाल्या आणि दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. “दारात उभं राहिलं म्हणून काय झालं, प्रेताची छाया ती छायाच. व्याही, तुम्ही आपले लांबच थांबा. एवढ्याशा वयात केवढी समज!”

देसिमसचे हात तसेच पसरलेले राहिले. आता ते शब्द ओरडूनच सांगावे लागले असते. समोर अख्खी नगरसभा उभी होती.

“माझ्याजवळ ये, बाळा,” आत्या पुढे झाली.

“तूही नको,” तेर्तुल्ला म्हणाली.

आणि कुणी ओढायच्या आत ती वळली आणि स्वतःच्या पायांनी दाराबाहेर चालू लागली. ओढायला आलेल्या पोरांना काय करावं कळेना. ती नुसतीच तिच्या मागून धावली. बाहेर लोक हसले, अक्रोड उधळले गेले, बासऱ्या वाजू लागल्या. तालीमवाल्याच्या मुलीला सासरची भारीच घाई झालीय, यावर कुणीतरी तिथल्या तिथे एक घाणेरडं गाणं रचलं, आणि ते गात गात वरात कोपऱ्यावरून वळली.

आत्या आत गेली आणि अंगणात देसिमस आणि वीबियस उरले. वीबियसचे डोळे ओले होते. तो जवळ आला आणि लहानपणानंतर प्रथमच त्याने बापाच्या खांद्यावर हात टाकला.

“बाबा, खरं सांगू? मला वाटलं नव्हतं तुमच्याच्याने होईल,” तो म्हणाला. “आज तुम्ही घराचं पाहिलंत. आज मला वाटलं, मी तुमचाच मुलगा आहे.”

ओसरीवर पाहुणे अजून जेवत होते, आणि दोनतीन जण कौतुकाने बापलेकांकडे बघत होते. देसिमसने तो हात खांद्यावर तसाच राहू दिला.